पांढरा गाळ म्हणजे शुद्ध पाणी नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला 'मगर तिथे नदी निरोगी' हा लेख वाचला. सोबतच्या फोटोत मीच आहे. त्यामुळे शेजारीपाजारी, दूधवाला, पुण्याची नणंद अशा सगळ्यांकडून अभिनंदन घेऊन झाले. राग द्यायला तेवढे तुम्ही उरला आहात.

तुमचा वार्ताहर (मुलगा सालस आहे, चहालासुद्धा नको म्हणाला) भल्या पहाटे आमच्याबरोबर, विश्वामित्री नदीला मिळणाऱ्या भूखी कांस या नाल्यावर पाणी तपासायला आला होता. त्याच्यासमोर मी बाटली काठोकाठ भरली, आत एक बुडबुडा राहू दिला नाही. मग मँगनीज सल्फेट, त्यावर अल्कली आयोडाइड, झाकण लावून बाटली उलटसुलट केली. पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असेल तर तपकिरी गाळ धरतो. जितका ऑक्सिजन जास्त तितका रंग गडद. आमच्या बाटलीत पातळ दह्यासारखा पांढरा गाळ बसला. पांढरा म्हणजे ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, असे मी त्याला दोनदा सांगितले आणि त्याने ते वहीत लिहूनही घेतले. फोटोखाली छापून काय आले? 'बाटलीतील शुभ्र रंग विश्वामित्रीच्या शुद्धतेची ग्वाही देतो.' धन्य आहे!

शिवाय मी 'नदीसाठी झटणाऱ्या सेवाभावी आजी'. आजी आहेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण नोकरीची सगळी वर्षे मी प्रयोगशाळेत अशाच बाटल्या हाताळण्यात काढली, हेही त्याला सांगितले होते. ते कुठे गेले? आणि 'चेहरा नीट दिसू दे' म्हणून फोटोग्राफरने बाटलीचे काचेचे झाकण काढून बाजूला ठेवले, ते काही नंतर सापडले नाही. ही झाकणे त्या त्या बाटलीला घासून बसवलेली असतात, दुसरे चालत नाही. तेव्हा बाटलीही गेली.

आता मगरीकडे येते. मगर फुप्फुसांनी श्वास घेते. नाकपुड्या पाण्याबाहेर काढायच्या, हवा घ्यायची, पुन्हा खाली. पाण्यात ऑक्सिजन असला काय नि नसला काय, तिचे अडत नाही. मासे, मेलेली जनावरे, काठावर आलेले कुत्रे, तिला सगळे चालते. तिच्या शेजारी राहणारा मांगूर मासाही वर येऊन हवा गिळतो. २०२४ च्या पुरात मगरी आपल्या गल्ल्यांतून फिरल्या, म्हणून गल्ल्या निरोगी ठरल्या का?

पाण्याची खरी हकीकत आमच्या पांढऱ्या ट्रेमध्ये होती, पण तिकडे कुणी कॅमेरा वळवला नाही. लांब दांड्याची जाळी तळाच्या गाळातून ओढायची (एक जण त्या वेळी फक्त मगरीवर लक्ष ठेवून उभा असतो), जाळीतला माल ट्रेमध्ये उलटायचा आणि चिमट्याने एकेक जीव वेगळा करायचा. चांगल्या पाण्यात मेफ्लाय या किड्याची पिल्ले सापडतात: पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले, मागे बहुधा तीन बारीक शेपट्या. पाण्यातला ऑक्सिजन घटला की सर्वांत आधी नाहीशी होणाऱ्यांत ही. त्या दिवशी ट्रेमध्ये वळवळत होत्या त्या लालभडक अळ्या. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात. सोबत लांब नळीसारख्या शेपटीने वरची हवा ओढणारे किडे. मेफ्लाय एकही नाही, चतुराचे पिल्लूही नाही. मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. मेफ्लायसाठी कोण भांडणार?

आम्ही पहाटे का जातो, हेही लेखात नाही. शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडते, त्यामुळे दुपारी बारा वाजता हिरव्यागार डबक्यातही आकडा झकास येतो. खरी परीक्षा उजाडण्यापूर्वी. म्हणून आमच्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहिलेली असते. मोजणी फोटोसाठी दुपारी ठेवणाऱ्या पाहुण्यांना हे कोण सांगणार!

हीच वही घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो होतो. 'तुमची प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का?' एवढे विचारून आवकचा शिक्कासुद्धा मारला नाही. नाही हो मान्यताप्राप्त. आमचा आकडा कोर्टात टिकणार नाही हे आम्हालाही कळते. पण सांडपाणी कुठून आणि कधी सुटते, मान्यताप्राप्त माणसाने बाटली घेऊन नेमके कुठे उभे राहायचे, एवढे त्यातून नक्की कळते. आता त्याच कार्यालयात तुमचा लेख सूचना फलकावर लागला आहे असे आजच कळले. त्यावर कुणी शिक्का मागितला नसावा.

पावसाळ्यात काळाघोडा पुलापाशी नदीची पातळी तुम्ही फुटांत रोज छापता. २६ फुटांची धोक्याची खूण आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्याच चौकटीत वर्षभर पहाटेचा ऑक्सिजनही छापा. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आहे. शेजारी आमचा आकडा टाका. आम्ही तो फुकट देऊ, जाहिरातीचे दर विचारणार नाही.

तूर्त उद्याच्या अंकात, फोटो होता तेवढ्याच जागेत, खुलासा यावा. कोपऱ्यात दोन ओळींचा नको.

आणि जागेचाच विषय निघाला आहे तर, पहिल्या पानावर बिल्डरांच्या पानभर जाहिराती येऊ लागल्यापासून पंचांगाचा चौकोन इतका आक्रसला आहे की एकादशी स्मार्त की भागवत हे भिंग लावूनही वाचता येत नाही. गेल्या खेपेला आमच्या घरात दोघांनी दोन दिवस उपास केला. तेवढे जरा बघावे.

कळावे,
आपली जुनी वर्गणीदार
दांडिया बाजार, बडोदे