आतल्या खोलीबद्दल

भोईवाडा, परळ
रविवार, रात्री साडेदहा

ती. आई-बाबांस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

हे फोनवरच सांगणार होतो. दोनदा लावलाही, पण दोन्ही वेळा बाबांच्या गोळ्या आणि आत्याचे गुडघे एवढंच बोलून ठेवला. बाबा, तुम्ही फोनवर "बरं, ठीक आहे" म्हणता आणि मग ते खरंच ठीक आहे की नाही, हे मला रात्रभर कळत नाही. म्हणून लिहायला बसलो. आई, तू चष्मा लावून बाबांना मोठ्याने वाचून दाखव. आधी दोघं जेवून घ्या.

आतली खोली मी दिली आहे. भाड्याने नाही. बीडकडची एक बाई आणि तिचा सात वर्षांचा मुलगा मागच्या मंगळवारपासून तिथं राहतायत. मुलाला रक्ताचा कॅन्सर आहे, टाटामध्ये उपचार चालू आहेत.

तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. घर तुमचं आहे. पुनर्विकासात या ३०० चौरस फुटांसाठी बाबांनी किती चपला झिजवल्या ते मी पाहिलंय. तरी विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता तर मला तुमचं ऐकावं लागलं असतं, आणि ते मला जमणार नव्हतं. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण खरं तेच आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. ही तापाने घरी होती, म्हणून मी एकटाच भायखळ्याला गेलो होतो. येताना हिंदमाताला उतरून नेहमीसारखा चालत निघालो. पाऊस होता. केईएम ओलांडून टाटाच्या बाजूच्या फुटपाथवर आलो. तिथं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. निळ्या ताडपत्र्या, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, एक्स-रेची पाकिटं उशाला घेऊन झोपलेली माणसं. बाबा, तुमच्या जन्माच्या आधी सहा वर्षं, १९४१ साली ते हॉस्पिटल उघडलं. आपल्या तीन पिढ्या त्याच्या सावलीत राहिल्या, आणि त्या माणसांना चुकवत चालायची माझ्या पायांना इतकी सवय झाली की खाली पाहावं लागत नाही.

त्या दिवशी एक बाई मांडीवर मुलगा घेऊन बसली होती. मुलाच्या डोक्यावर केस नव्हते. ती म्हणाली, "दादा, इथं उकळलेलं पाणी कुठं मिळंल?" मी तिला नाक्यावरचं हॉटेल दाखवलं आणि पुढे आलो.

घरी येऊन हात धुतले, पानावर बसलो. हिने ताप असतानाही मटण केलं होतं. पहिला घास घेतला आणि सकाळची मध्यस्थीची प्रार्थना आठवली. पाळकांनी दर रविवारसारखं म्हटलं होतं, जे रुग्णालयात आहेत, जे घरापासून दूर अंथरुणाला खिळले आहेत, त्यांना हे प्रभू तू आधार दे. मी आमेन म्हटलं होतं. मोठ्याने म्हटलं होतं, बाबा, तुम्ही शिकवलंत तसं. चाळीस वर्षं मी त्या वाक्याला आमेन म्हणतोय आणि मग त्याच वाक्यातल्या माणसांच्या कडेकडेने चालत घरी येतोय. त्या बाईने माझ्याकडे पैसे मागितले नव्हते. पाणी मागितलं होतं, तेही उकळलेलं. आपल्या घरात गॅस आहे, पातेलं आहे, आणि घर तिथून चालत दहा मिनिटांवर.

थर्मास भरून परत गेलो. ती तिथंच होती. हॉटेलवाल्याने पाणी दिलं होतं, पण ते उकळलेलं आहे का याची तिला खात्री नव्हती, म्हणून तिने पोराला ते पाजलं नव्हतं.

मग रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की थर्मास भरायचा आणि जायचं. ही मऊ भात करून द्यायची. दोन महिने असं चाललं. मला वाटलं होतं तेवढ्याने मन शांत होईल. पण रोज रात्री तिथून उठून पंख्याखाली येऊन झोपायचं हे दिवसेंदिवस जास्तच कठीण व्हायला लागलं. दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा आहे, लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, सगळीकडे चौकशी केली, नाव लिहून ठेवलं. ही माणसं फार मोठं काम करतात. पण देशभरातून पेशंट येतात, नंबर लागायला वेळ जातो. आणि अशा मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी औषधाने इतक्या कमी होतात की साधा ताप आला तरी लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. एका रात्री पावसात त्याला ताप भरला, तेव्हा ती त्याला पदरात गुंडाळून एकटी पळाली. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याच रात्री हिने आतल्या खोलीतलं कपाट रिकामं करायला घेतलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं.

नवरा का नाही सोबत, असं आई तू विचारशील. तो ऊसतोडीला आहे, तुमच्याच नगर जिल्ह्यातल्या एका फडावर. मुलाच्या आजारासाठी मुकादमाकडून उचल घेतली, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. एरवी दोघं मिळून तोडायची, आता तो एकटा आहे.

आता तुमची सोय सांगतो. २० डिसेंबरला तुम्ही येणार ते ठरल्याप्रमाणेच. बाबांची लोखंडी खाट मी बाहेर हॉलमध्ये खिडकीला लावली आहे, डोकं पूर्वेला, तुम्हाला लागतं तसं. सकाळी पाचला तुम्ही वाचायला उठाल तेव्हा उजेड डोळ्यांवर येणार नाही, भिंतीवर वेगळा दिवा बसवून घेतला. गादी नवीन भरून आणली आहे, कापसाचीच. आईसाठी दिवाण घेतलाय, त्याची उंची मोजून घेतली, उठताना गुडघ्याला त्रास होणार नाही. आम्ही दोघं स्वयंपाकघरात झोपतो, आम्हाला काही अडचण नाही. पोरगी पुण्याहून आली की तिचं अंथरूण आईच्या दिवाणाशेजारी, तिला तेच आवडेल. शौचालयात धरायला दांडा लावला आहे. बाबांची पेटी कपाटावर आहे, कापड घालून ठेवली आहे, भात्याला कुणी हात लावलेला नाही. आईची ट्रंक जिथे होती तिथेच आहे, कुलूपही उघडलेलं नाही. आजीचा फोटो मी हलवणार होतो, पण ती बाई म्हणाली, राहू द्या, घरात मोठं माणूस असल्यासारखं वाटतं.

काकांच्या वेळी जे झालं ते मी विसरलो नाही. त्यानंतर आई सहा महिने त्या खोलीत झोपली नव्हती, आणि बाबा, तुम्ही पुन्हा कधी त्यावर बोलला नाहीत. हे तसं नाही. हिशोब उघडा आहे, सोसायटीला कळवलंय, कागदपत्रं दिली आहेत. मला कुणी फसवलेलं नाही आणि मी कुणाच्या भिडेला पडलेलो नाही.

पण आई, तुझ्याशी एक बोलायचंय. तुला संपाचं वर्ष आठवतं ना? १९८२ चा जानेवारी, मी पहिलीत. गिरणीचा भोंगा बंद झाला आणि सकाळी तुला जागच येईना, तू म्हणायचीस, कान उघडे राहतात पण डोळे उघडत नाहीत. बाबांचा बेस्टचा पगार येत होता, आणि चाळीत आपल्या मजल्यावर चार घरांत तो बंद झाला होता. उपासनेहून आलीस की तू चर्चची साडी न बदलता परात घ्यायचीस. मला भूक लागलेली असायची आणि तू पहिल्या भाकऱ्या माझ्या हातून शेजारी पाठवायचीस, फडक्यात गुंडाळून, "कुणी दिल्या विचारलं तर जास्त झाल्या म्हणून सांग." मला त्या वेळी राग यायचा, आई. आपल्या भाकऱ्या कधीच जास्त होत नव्हत्या. आता त्या फडक्याचा वास आला तरी रडू येतं. मी जे केलं ते मी बायबलमधून शोधून काढलेलं नाही. मी तुझ्या मागे परातीजवळ बसून पाहिलेलं आहे.

आणि बाबा, आपली पणजी. केडगावची गोष्ट तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलीत, आता मी तुम्हाला सांगतो. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा पुण्यात प्लेग पसरलेला होता आणि शारदा सदनात एवढ्या मुलींना जागा नव्हती. त्यांनी मुली आधी आणल्या, केडगावच्या शेतावर झोपड्या नंतर उभ्या केल्या. आधी जागा करते मग आणते, असं त्या म्हणाल्या असत्या तर पणजी वाटेतच गेली असती. तुम्ही नाही, मी नाही, पोरगीही नाही. हे मला कपाट रिकामं करताना सुचलं आणि मी थोडा वेळ तसाच कपड्यांचा ढीग मांडीवर घेऊन बसलो.

लोक काय म्हणतील, हेही तुमच्या मनात येणार, मी ओळखतो. ख्रिस्ती घरात आजारी पोर आणून ठेवलं म्हणजे धर्म बदलायला, असं म्हणणारे म्हणतील. मी तिला प्रार्थनेला बोलावत नाही. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, खिडकीत विठोबाची तसबीर आहे, आणि ती तिथेच राहील. आई, ती तसबीर पाहून तू काही बोलू नकोस, माझी शपथ आहे. पहाटे ती पोराचं अंग पुसताना हळू आवाजात अभंग म्हणते. बाबा, आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक म्हणायचे ना, आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुम्ही पेटीवर टिळकांचा अभंग धराल तेव्हा तिला तो परका वाटणार नाही.

आमची कुटुंबप्रार्थना आठ वाजता बाहेर होते, दार लोटलेलं असतं. परवा आम्ही प्रभूची प्रार्थना म्हटली आणि आतून तो मुलगा आईला विचारत होता, "हे लोक रोज भाकर का मागतात? तू देतेस की करून." कारण भाकऱ्या हल्ली तीच थापते. नको म्हटलं तर जेवत नाही. त्या रात्री मी ते वाक्य परत म्हणून पाहिलं. आमची रोजची भाकर. लहानपणापासून ते म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर आपलीच चूल असायची.

मुलाबद्दल डॉक्टर आशेने बोलतात. लहान मुलांमधला हा प्रकार बरा होणाऱ्यांतला आहे, पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. सगळा वेळ ती इथे राहणार नाहीत. पहिले जड महिने गेले की गावाहून ये-जा करता येईल. तोवर मी तिला जा म्हणणार नाही. हे मी तुम्हाला आज स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे डिसेंबरमध्ये तुमच्यासमोर माझा पाय घसरणार नाही.

आता काही गोष्टी ऐकाव्याच लागतील. घरात आल्याबरोबर साबणाने हात धुवायचे, मग मुलाजवळ जायचं. सर्दी-खोकला असेल तर मास्क. त्याला बाहेरचं काही द्यायचं नाही, आई, तुझ्या हातची बोरंसुद्धा नाहीत. भिंगारहून ताजी फुलं आणू नका. आणि बाबा, गॅलरीत जाळी बसवली आहे. कबुतरांना दाणे टाकणं बंद, त्यांच्या विष्ठेने अशा मुलांच्या छातीला धोका असतो. तुम्ही रोज सकाळी वाटी घेऊन उभे राहता ते मला माहीत आहे, जाळी ठोकताना जीव खाली-वर झाला. पोराला पाढे येत नाहीत. सकाळचा तो वेळ त्याला द्या.

पंचाहत्तरीनंतर बाबांचं तिकीट फुकट आणि आईचं अर्धं, म्हणून साध्या एसटीने माळशेजमार्गे येऊ नका. घाटात बाबांना उलट्या होतात आणि दोन स्टेंट टाकलेत हे ते विसरतात. मी गाडी करून देतो, पैशांचं बोलायचं नाही. हृदयाची तपासणी २२ तारखेला सकाळी दहाला आहे, आधीचे रिपोर्ट पिवळ्या पिशवीत आहेत, ती पिशवी आईच्या हातात असावी, बाबांच्या नाही. मीठ कमी. लोणच्याची बरणी आत्याकडे ठेवा.

रागावला असाल तर रागावा, पण अबोला धरू नका. बाबा, मला अजून तुमच्या गप्प बसण्याची तेवढीच भीती वाटते जेवढी दुसरीत प्रगतिपुस्तक दाखवताना वाटायची. चार ओळी लिहा. नाहीतर फोन करा आणि "ठीक आहे" याच्या पुढे काहीतरी बोला.

तो मुलगा मघाशी विचारत होता, ही खाट कुणाची. मी म्हटलं, माझ्या बाबांची, ते येणार आहेत. मग त्याने विचारलं, ते मला पेटी वाजवून दाखवतील का? मी हो म्हटलंय.

तुमचा,
बाळ

ता. क. हिने आत्यासाठी लोकरीचे पायमोजे विणायला घेतलेत, तिच्या पायाचं माप दोऱ्याने घेऊन पाठवा. आणि आई, पत्र वाचून झालं की आधी बाबांचं बीपी मोज, मग बोला.