माझ्या जांघेतली धमनी दाबून धरणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी तेव्हाच विचारून घेतलं होतं, पण तुमच्या परवानगीवाचून ते चारचौघांत लिहिणं बरं नाही, म्हणून नुसतं सिस्टर म्हणते. मी ती काकू, जिची मनगटातली धमनी आखडली आणि शेवटी जांघेतून अँजिओप्लास्टी करावी लागली.

घरी आल्यापासून निम्मी सदाशिव पेठ भेटून गेली. सगळे स्टेंटबद्दल, म्हणजे हृदयाच्या धमनीत बसवलेल्या जाळीबद्दल, विचारतात. ब्लॉक किती टक्के होता, कितीला पडला, किती वर्षं टिकतो. डॉक्टरांचे आभार मी तिथेच मनापासून मानले. पण ज्या भोकातून हे सगळं आत गेलं ते बुजवलं कोणी, हे एकानेही विचारलं नाही. ते सांगावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

सेल्डिंगर नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी १९५३ साली सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवायची रीत मांडली. माझा जन्मही त्याच वर्षीचा. त्या रीतीमुळे धमनी उघडी करण्यासाठी चिरफाड करायची गरज उरली नाही. पण भोक ते भोकच. माझ्या जांघेतली नळी सहा फ्रेंचची होती. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे आतली पोकळी २ मिलिमीटर आणि बाहेरची जाडी त्याहून जास्त. शाळेत मी विज्ञान शिकवत असे, पण हे माप माझ्यासाठी नवीन होतं. तुम्ही नळी काढण्याची तयारी करता करता ते मला समजावून सांगितलंत.

हल्ली हे भोक बुजवायला उपकरणं आहेत. शेजारच्या कॉटवरच्या आजोबांना कोलॅजेनचा बूच बसवला होता, तो काही आठवड्यांत अंगातच विरघळतो. दुसऱ्या एका प्रकारात धमनीला आतूनच टाका घालतात. माझ्या धमनीत मात्र नेमकं तिथेच कॅल्शियम साचलेलं दिसलं, म्हणून डॉक्टर म्हणाले, हातानेच दाबू. माझ्या मुलाचा चेहरा उतरला. आईला कमी प्रतीचं काहीतरी मिळतंय असं त्याला वाटलं असणार. ते कमी प्रतीचं नव्हतं, हे मी आज खात्रीने सांगते.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिन या औषधाचा अंमल उतरला का हे पाहायला तुम्ही आधी एसीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी केलीत. आकडा खाली येईपर्यंत नळीला हात लावला नाहीत, मी कितीही कुरकुरले तरी. मग पायाच्या पंजावरची नाडी चाचपून तिथे पेनाने फुली मारलीत. बोटं ठेवलीत ती कातडीवरच्या छिद्रावर नाही, त्याच्या जरा वर. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "काकू, सुई तिरकी जाते, त्यामुळे धमनीतलं भोक कातडीतल्या भोकाच्या वर असतं. आणि इथे खाली खुब्याचं हाड आहे, त्यावर दाबता येतं." एवढं सोपं स्पष्टीकरण मी वर्गातही क्वचित दिलं असेल.

आणि तो दाब! बागेतली रबरी नळी फाटल्यावर आपण फाटलेली जागा अशी धरतो की गळती थांबावी पण पुढचं पाणी चालू राहावं, तसा. पूर्ण आवळलं तर पाय गार पडेल, सैल सोडलं तर मांडीत रक्त साठेल. पंधरा-वीस मिनिटं सलग, मध्ये उचलून बघायचं नाही, कारण नुकती धरू लागलेली गुठळी तेवढ्याने निघते. त्यात मला स्टेंट बंद पडू नये म्हणून गुठळी न होण्याच्या गोळ्या चालू. हृदयात गुठळी नको आणि जांघेत हवी, या दोन्हीचा मेळ तुमच्या बोटांना घालायचा होता.

मध्येच मला दरदरून घाम फुटला, मळमळलं, समोरचं अंधुक झालं. नाडी मंदावली होती, बीपी पडलं होतं. तुम्ही आवाज न चढवता ब्रदरना पाय वर घ्यायला, सलाईन जोरात सोडायला आणि नाडीचा वेग वाढवणारं अ‍ॅट्रोपिन द्यायला सांगितलंत. मला म्हणालात, "काकू, डोळे उघडे ठेवा, माझ्याशी बोला. नळी काढताना असं होतं कधी कधी, आत्ता बरं वाटेल." या सगळ्या धांदलीत तुमचा हात जागचा हलला नाही. तुमच्या कोपराला आलेला बारीक कंप मला दिसत होता. पर्वतीच्या पायऱ्या मी वर्षानुवर्षं चढले आहे, दमणं म्हणजे काय ते मला कळतं.

नंतरच्या सूचनाही तुम्ही पाठ करून घेतल्यात. पाय दुमडायचा नाही, मान उचलायची नाही, खोकला आला तर पट्टीवर तळहात दाबून धरायचा. कंबरेत किंवा पाठीत दुखायला लागलं तर लाजायचं नाही, लगेच बेल वाजवायची, कारण रक्त कधी पोटाच्या मागे साठतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. ड्यूटी संपवून निघताना परत आलात, निळसर डागाच्या कडेने पेनाने रेघ ओढलीत आणि रात्रपाळीच्या सिस्टरना ती दाखवलीत. सकाळी डाग रेघेच्या आतच होता. पुढे तो मांडीवरून खाली उतरेल, हिरवा-पिवळा होईल, घाबरू नका, हेही सांगून ठेवलं होतंत. अगदी तसंच झालं. मुलगा फोटो काढून डॉक्टरांना पाठवायला निघाला होता, मी त्याला शांत केलं ते तुमच्या भरवशावर.

माझी एक विनंती रुग्णालयाच्या व्यवस्थापनालाही आहे. हे काम येणाऱ्या माणसाला एका वेळी दोन-दोन पेशंट देऊ नका. ज्याचा हात धमनीवर आहे त्याला तेवढा वेळ दुसरं काही सांगू नका. आणि नव्या मुलींना या सिस्टरांच्या हाताखाली शिकू द्या.

दिवाळीच्या फराळाचा डबा घेऊन यायचं आहे. तुमची ड्यूटी कुठल्या पाळीत असते तेवढं कळवा, आणि चकली चालते ना, तेही.

तुमची,
कॉट नंबर चारवरची काकू