गोळी, पॅच की इंजेक्शन?

प्रिय अन्वया,

ट्रान्स बाई म्हणून तुला इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, सुरू करायला डॉक्टरांनी होकार दिल्याचं वाचून मी घरात एकटीच जोरात ओरडले. आणि पुढच्याच ओळीत तुझा प्रश्न, "यातलं सगळ्यात लवकर काय लागू पडतं? सगळ्या म्हणतात, इंजेक्शन." तू बदलणार नाहीस!

पहिलं हे डोक्यातून काढ. गोळी, पॅच, जेल या सगळ्यांत औषध एकच, इस्ट्राडायोल. अंडाशयात तयार होतं तेच. इंजेक्शनमधलं इस्ट्राडायोल व्हॅलरेटसुद्धा शरीरात गेल्यावर शेवटी इस्ट्राडायोलच होतं. रक्तात पातळी नीट राहिली की अमुक मार्गाने छाती जास्त भरते, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. साधारण तीन ते सहा महिन्यांत सुरुवात होते आणि पूर्ण वाढीला दोन-तीन वर्षं लागतात. घाई करून त्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो औषध शरीरात कुठल्या दाराने शिरतं त्याने, आणि तुझ्या बाबतीत मला त्याचीच काळजी आहे.

गिळलेली गोळी आतड्यातून आधी लिव्हरमध्ये जाते. तिथे तिचा बराचसा भाग इस्ट्रोन नावाच्या कमी जोराच्या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. शिवाय लिव्हर रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवायला लागतं, म्हणून शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. तरुण, निरोगी आणि सिगारेट न ओढणारीला हा धोका तसा थोडाच असतो, म्हणून कितीतरी जणी वर्षानुवर्षं गोळ्यांवर मजेत असतात. पण तुझ्या आईच्या पायात गुठळी झाली होती ना? मग तुझा हिशोब वेगळा. आणि कुणी गर्भनिरोधक गोळ्या घे म्हणालं तर सरळ नाही म्हण. त्यांत बहुतेक वेळा इथिनाइल इस्ट्राडायोल नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन असतं. ते गुठळ्यांच्या बाबतीत फार वाईट, म्हणूनच या उपचारातून ते बाद झालं.

गोळी जिभेखाली ठेवायचं तू विचारलंस. तशी घेतली की पातळी झपकन वर जाते आणि काही तासांत उतरते, म्हणून दिवसातून बऱ्याचदा घ्यावी लागते. त्यातली थोडी लाळेबरोबर पोटात जातेच. रक्त कुठल्या तासाला दिलं त्यावर रिपोर्टातला आकडाही बदलतो. मला ती भानगड वाटते.

पॅचमधलं औषध कातडीतून थेट रक्तात जातं, त्यामुळे लिव्हरची पहिली फेरी टळते आणि पातळीही बऱ्यापैकी एकसारखी राहते. तुझ्या मायग्रेनला हे महत्त्वाचं, कारण हार्मोनचे चढउतार डोकं उठवतात. पॅच ओटीपोटावर किंवा ढुंगणावर लावायचा, छातीवर कधीच नाही. कंपनीप्रमाणे आठवड्यातून एकदा किंवा दोनदा बदलायचा, आणि दर वेळी जागा वेगळी. त्रास म्हणजे खाज, घामाने सुटणाऱ्या कडा आणि गोंदाचे काळे डाग. डब्ल्यूपॅथ या ट्रान्स आरोग्यावरच्या जागतिक संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शिकेतही वय 45 च्या वर असेल किंवा आधी गुठळी झाली असेल तर कातडीतून देण्याकडेच कल आहे.

जेलही त्याच वाटेने जातं, फक्त ते रोज चोळायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. पण तुझा भाचा सारखा अंगाखांद्यावर असतो. लहान मुलाच्या कातडीला ते लागता कामा नये, म्हणून तुझ्या घरात जेल नकोच.

राहिलं इंजेक्शन. आठवड्याला एकदा टोचलं की मोकळी, ही त्याची खरी गंमत, आणि ज्यांना रोजचं काही लक्षात राहत नाही त्यांच्यासाठी उत्तम. बारीक सुईने कातडीखाली घेतलं तर दुखतही नाही फारसं. पण टोचल्यावर पातळी चढते आणि पुढच्या इंजेक्शनपर्यंत घसरत जाते. दोन आठवड्यांचं अंतर ठेवलं तर काही जणींना शेवटचे दिवस चिडचिडीत जातात, म्हणून कमी डोस दर आठवड्याला घेणं बरं.

मार्ग कुठलाही घे, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त द्यावंच लागेल. इस्ट्राडायोल साधारण दर मिलीलिटरला 100 ते 200 पिकोग्रॅम आणि टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, दर डेसिलिटरला 50 नॅनोग्रॅमच्या खाली, एवढं गाठायचं. इंजेक्शनवर असशील तर रक्त दोन इंजेक्शनांच्या मधोमध द्यायचं. टेस्टोस्टेरॉन दाबायला स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर पोटॅशियमही तपासतील. आणि पुढे कधी स्वतःचं मूल हवंसं वाटेल अशी पुसटशी जरी शक्यता असेल, तरी शुक्राणू गोठवून ठेवायचं काम पहिल्या डोसच्या आधी उरक.

मला विचारशील तर पॅच घे. गोंद सोसला नाही तर बदलता येतो. गोळीवरून पॅचवर आणि पॅचवरून इंजेक्शनवर गेलेल्या पुष्कळ जणी आहेत.

पण एक सांग, आईच्या गुठळीचं डॉक्टरांना बोललीस का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. तिला आधी नीट विचार, ऑपरेशननंतर किंवा बाळंतपणात झाली होती की काही कारण नसताना, तेव्हा वय किती होतं, आणखी कुणाला झाली का. आपोआप झालेली असेल तर डॉक्टर कदाचित आधी गोठण्याच्या तपासण्या करायला सांगतील. आणि सिगारेट, तीही लपवू नकोस त्यांच्यापासून. काय म्हणाले ते लगेच कळव.

तुझीच,
इरा