रायफलची नळी वाचवणाऱ्या सुभेदारसाहेबांस

आदरणीय सुभेदारसाहेब,

सादर प्रणाम. वि. वि.

गेल्या शनिवारी रेंजवर 100 मीटरवरून तीन गोळ्या झाडल्या आणि तिन्ही तीन सेंटिमीटरच्या आत बसल्या. ज्या रायफलची नळी संपली आहे आणि नवी बसवल्याशिवाय इलाज नाही, असे मला दुकानात सांगितले गेले होते, तिच्याच या गोळ्या आहेत. तो निशाणाचा कागद मी घडी घालून जपून ठेवला आहे. आपल्याला फोनवर धन्यवाद म्हणून झाले, परंतु तेवढ्याने माझे समाधान होत नाही, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. न्यूझीलंडमध्ये माझ्यासारख्या हौसेने शिकारीला जाणाऱ्या मराठी माणसांना आणि गावाकडे पिकांच्या रक्षणासाठी परवान्यावर इशापूरच्या कारखान्यातली .315 रायफल बाळगणाऱ्या शेतकऱ्यांनाही आपण मला जे शिकवलेत ते उपयोगी पडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझी रायफल 7 एमएम रेमिंग्टन मॅग्नम, जुनी विकत घेतलेली. आधीच्या मालकाने तिच्यातून किती गोळ्या झाडल्या याची नोंद नव्हती. दोन हंगाम ती उत्तम चालली आणि मग एका पावसाळी दौऱ्यानंतर तिच्या गोळ्या 100 मीटरवर नऊ-दहा सेंटिमीटर फाकू लागल्या. मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचे जोरदार काडतूस, नळी लवकर खाते हे सर्वश्रुत आहे, त्यामुळे दुकानातल्या माणसाने तोच निष्कर्ष काढला आणि मीही तो मान्य केला. आपण मात्र रायफल हातात घेण्याआधीच विचारलेत, "हे हळूहळू झालं की एकदम?" मी म्हटले, एकदम. त्यावर आपण एवढेच म्हणालात, "मग घसा गेला असेल असं वाटत नाही मला. नळी म्हातारी होते ती हळूहळू होते, पोरी."

त्या दिवशी आपल्या मुलीच्या घरच्या गॅरेजमध्ये आपण आधी दुर्बिणीचे स्क्रू तपासलेत, मग नळी लाकडी दस्त्यात नीट बसली आहे की नाही ते पाहिलेत आणि त्यानंतर नळीत बारीक कॅमेरा सोडून मला पडद्यासमोर बसवलेत. काडतूस बसते त्या चेंबरच्या लगेच पुढे, जिथे गोळी प्रथम आट्यांत, म्हणजे तिला फिरकी देणाऱ्या नळीतल्या वळणदार खाचांत, शिरते, त्या भागाला आपण घसा म्हणता. तिथले पोलाद दुष्काळात आटलेल्या तळ्याच्या तळासारखे बारीक भेगांनी भरलेले पाहून माझे काळीज हलले. ते चित्र दाखवत आपण जे समजावून सांगितलेत, ते मी इतक्या वर्षांत कुणाकडून ऐकले नव्हते.

नळी गोळीच्या घर्षणाने झिजते, असा माझा समज होता. आपण सांगितलेत की गोळीचे कवच तांबे आणि थोडे जस्त यांचे, पोलादापेक्षा पुष्कळ मऊ असते आणि त्याने होणारी झीज अगदी किरकोळ आहे. नळी खाते ती काडतुसातली पेटलेली दारू. तिचे वायू पोलादाच्या वितळणबिंदूहून कितीतरी तप्त असतात आणि घशाच्या आतल्या पातळ थराला त्या क्षणापुरते इतके तापवतात की तो थर वायूतला कार्बन आणि नायट्रोजन शोषून कडक व ठिसूळ होतो. पुढच्या क्षणी तो थंड होतो, आकसतो, तडकतो. त्या भेगांच्या कडा प्रत्येक गोळीबरोबर थोड्याथोड्या उडत जातात, घसा पुढे सरकतो आणि गोळीला आटे पकडण्याआधी अधिक अंतर मोकळे धावावे लागते. एका गोळीला नळीतून बाहेर पडायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडासाच अधिक वेळ लागतो. म्हणजे दीड-दोन हजार गोळ्यांनी थकणाऱ्या मॅग्नम नळीने आपल्या सगळ्या आयुष्यात फार तर दोन-तीन सेकंद आग सोसलेली असते. हा हिशेब आपण वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलात तेव्हा मी तो पुन्हा स्वतः करून पाहिला, इतका तो मला अविश्वसनीय वाटला.

दारू आणि भोक यांचे प्रमाण ही यातली खरी गोम आहे. माझ्या काडतुसात साधारण चार ग्रॅम दारू जळते आणि तिचे वायू सात मिलिमीटरच्या भोकातून जातात; .308 विंचेस्टर या काडतुसात तीन ग्रॅमपेक्षाही कमी दारू 7.62 मिलिमीटरच्या भोकातून जाते. म्हणून .308 ची नळी शिकारीपुरत्या नेमासाठी पाच हजार गोळ्यांच्या आसपास टिकू शकते आणि माझी त्याच्या निम्म्याहून कमी. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये आम्ही जी .22 चालवत होतो, तिच्यात चिमूटभर दारू आणि शिशाची मऊ गोळी असते, त्यामुळे कॅडेटांच्या किती तुकड्या आल्या-गेल्या तरी तिचा घसा शाबूत राहतो, हेही तेव्हा उमगले.

आपण लष्करात आर्मरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारे, होतात, त्यामुळे आपल्या बोलण्यात ब्रिटिश काळापासूनची .303 रायफल येणारच होती. ली-मेटफर्ड रायफल 1888 साली ब्रिटिश सैन्यात आली तेव्हा तिची उथळ, गोलसर आट्यांची नळी काळ्या दारूचा विचार करून घडवलेली होती. पुढे कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली, त्यात 58 टक्के नायट्रोग्लिसरीन होते आणि त्याच्या उष्णतेने ते उथळ आटे भराभर पुसले जाऊ लागले. त्यावर उपाय म्हणून अधिक खोल, कोनदार आट्यांची एनफील्ड नळी आणावी लागली आणि 1895 साली तीच रायफल ली-एनफील्ड झाली; पुढे कॉर्डाइटमधले नायट्रोग्लिसरीनही 30 टक्क्यांवर आणले गेले. एका रायफलच्या नावातला अर्धा शब्द नळी जळाल्यामुळे बदलला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण पुस्तकी इतिहासात आपण लढाया वाचतो आणि ज्या धातूने त्या सोसल्या त्याचा उल्लेखही नसतो.

खडकीच्या कारखान्यातल्या, बुडावर 'केएफ' शिक्का असलेल्या .303 काडतुसांची आठवणही आपण सांगितलीत. त्यांच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या मसाल्यामुळे नळीत क्षार उरायचा, तो हवेतला ओलावा ओढून घ्यायचा आणि एका रात्रीत गंज धरायचा. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो, म्हणून फायरिंगनंतर नळीत उकळते पाणी ओतायचे, ती पूर्ण कोरडी करायची आणि मगच तेलाची चिंदी फिरवायची, हा आपला जुना शिरस्ता. इथे न्यूझीलंडमध्ये एकेकाळी सरकारी हरीणमारे .303 च वापरत आणि आजही अनेक शेतघरांत त्या रायफली आहेत. जुनी लष्करी काडतुसे झाडून कोणी रायफल तशीच कोपऱ्यात ठेवत असेल, तर त्याने निदान हा एक परिच्छेद वाचावा.

माझ्या नळीचा घसा भेगाळलेला होता खरा, परंतु आटे अजून स्पष्ट उभे होते. तिचे निम्मे आयुष्य तरी शिल्लक आहे, असे आपले मत पडले. दोष दुसऱ्या टोकाला होता. इथे रायफलला सायलेन्सर लावणे कायदेशीर आहे आणि जवळजवळ सगळेच तो लावतात. त्या पावसाळी दौऱ्यावरून आल्यावर मी दमले होते आणि सायलेन्सर न काढताच रायफल कपाटात उभी केली. सायलेन्सरमध्ये साचलेला ओलावा आणि दारूची काजळी कित्येक दिवस नळीच्या तोंडाशी बसून राहिली आणि जिथून गोळी शेवटची सुटते, त्या गोल कडेवर गंजाचे खड्डे पडले. कडा एका बाजूला जरी खाल्ली गेली, तरी गोळीमागचा वायू एका अंगाने आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. त्याच्या जोडीला आट्यांत तांब्याचा थर साचलेला होता. आपण दिलेल्या अमोनियाच्या द्रावणाने पहिली चिंदी गडद निळी बाहेर आली, आणि सहा-सात चिंद्यांनंतर ती पांढरी यायला लागली. द्रावण नळीत रात्रभर ठेवू नकोस, असे आपण तीनदा बजावलेत, तेही मी इथे लिहून ठेवते. लेथवर तोंडाचे जेमतेम दोन मिलिमीटर कापून कडा नव्याने घडवली गेली आणि दुखणे संपले.

साहेब, मी वर्षाला फार तर चाळीस-पन्नास गोळ्या झाडते. या हिशेबाने माझ्यासारख्या शिकाऱ्याची मॅग्नम नळीसुद्धा तीस वर्षे जावी. ती त्याआधी मरते ती ओलाव्याने, तोंडाकडून कशाही घातलेल्या सफाईच्या सळईने, किंवा रेंजवर उत्साहाच्या भरात तापलेल्या नळीतून एकामागून एक झाडलेल्या गोळ्यांनी. आता मी तीन गोळ्यांनंतर बोल्ट उघडा ठेवून नळी हाताला गार लागेपर्यंत थांबते, सळई चेंबरच्या बाजूनेच आणि तिला सरळ ठेवणारा गाइड बसवूनच घालते, आणि सायलेन्सर घरी पोहोचण्याची वाट न पाहता गाडीपाशीच काढते.

या साऱ्याला मी इतके महत्त्व का देते, हे आपल्याला सांगायला नको. नेम दहा सेंटिमीटरने फाकला, तर जखमी जनावर कड्याकपारीत जाते आणि तिथे मरायला त्याला दिवस लागतात. त्या पावसाळी दौऱ्यानंतर माझ्या हातून तसे घडू शकले असते. हिमालयातले थार हे रानबोकडासारखे जनावर; ते 1904 साली या देशातल्या माउंट कुकच्या परिसरात आणून सोडले गेले; इथल्या झाडोऱ्याला त्यांच्यापासून जपावे लागते म्हणून त्यांची शिकार होते, हे मला पटलेले आहे. तरीही उत्तराखंडात तैनात असताना पहाटे कड्यावर पाहिलेल्या थाराचे वर्णन आपण केलेत, तेव्हा आपल्या आवाजात जो आदर होता तो मी विसरलेले नाही.

आपण घेतले ते फक्त चहा आणि दोन लाडू. आपण दिलेल्या वहीत मी शनिवारच्या तीन गोळ्या तारीख, हवामान आणि अंतरासह नोंदवल्या आहेत आणि त्याखाली "नळी कोरडी करून तेल लावले" असेही लिहिले आहे. एप्रिलमध्ये हरणांच्या हंगामाहून परतले की वही आणि रायफल दोन्ही तपासायला घेऊन येईन. घशाच्या भेगा किती पुढे सरकल्या, ते आपल्याच कॅमेऱ्यातून पाहायचे आहे.

आपली कृतज्ञ,
कँटरबरीतील आपली विद्यार्थिनी