सोसायटीचा अधिकार कंपाउंडच्या भिंतीपर्यंतच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, कुठल्याही गल्लीत शिरा. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून रोवलेले लोखंडी पाइप, त्यांना बांधलेली साखळी आणि वर पत्र्याची पाटी दिसते : ‘पार्किंग फक्त सभासदांसाठी’. हे सगळे सोसायटीच्या आवारात नाही, महापालिकेच्या डांबरी रस्त्यावर मांडलेले असते.

माझ्या आईच्या जखमेचे ड्रेसिंग करायला येणाऱ्या नर्सताईंनी शेजारच्या सोसायटीच्या भिंतीलगत, फाटकापासून चांगली लांब, स्कूटर लावली. परत येऊन पाहतात तो दोन्ही चाकांतली हवा सोडलेली. वॉचमन म्हणाला, ‘कमिटीचा हुकूम आहे.’ त्याला काय बोलणार, त्याच्या पोटाचा प्रश्न. पण पुढचा पेशंट वाट बघत असताना त्या बाईंना स्कूटर पंक्चरच्या दुकानापर्यंत ढकलत न्यावी लागली, याचा मला अजूनही संताप येतो.

या कमिट्यांना हा अधिकार दिला कोणी? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे सार्वजनिक रस्ते महापालिकेकडे निहित आहेत. गाड्या कुठे लावायच्या हे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ ने राज्य सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला दिला आहे, आणि त्यांनाही स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करावा लागतो. सोसायटीचे उपविधी सभासदांपुरते आणि आवारापुरते. सर्वसाधारण सभेत एकमताने ठराव झाला, तरी तो फाटकाबाहेर लागू होत नाही. लेआउटमधला अंतर्गत रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झालेला नसेल, तर गोष्ट वेगळी.

अमेरिकेत आपल्या सोसायट्यांसारख्या घरमालक संघटनांचा (होमओनर्स असोसिएशन) वचक आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. तिथेही ॲरिझोना राज्याने २०२३ मध्ये कायदा करून, जुन्या संघटनांना सार्वजनिक रस्त्यांवरचा अधिकार टिकवायचा असेल तर सभासदांचे मतदान घेण्याची अट घातली.

सोसायट्यांची अडचण मी नाकारत नाही. फाटकासमोर गाडी लावून निघून जाणारे महाभाग आहेतच, आणि तसे करणे नियमबाह्यच आहे. त्यासाठी वाहतूक पोलिसांना फोन करावा. अरुंद गल्लीत सम-विषम पार्किंग हवे असेल, तर वाहतूक शाखेकडे रीतसर अर्ज करावा. आणि आधी आपल्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, डोकवावे. तिथे जुने सोफे, मोडक्या सायकली आणि कुणीतरी कुलूप लावून अडवलेली जागा सापडेल. स्टिल्ट पार्किंग ही सामाईक जागा आहे, बिल्डरला ती विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. ती जागा मोकळी केली, तर रस्त्यावर साखळी ओढायची वेळ बऱ्याच ठिकाणी येणारच नाही.

सर्वांत जास्त खटकते ते क्षेत्रीय कार्यालयाचे वागणे. भाजीवाल्याची हातगाडी अतिक्रमण विभाग टेम्पोत भरून नेतो. त्याच गल्लीतल्या सिमेंटच्या डब्यांना मात्र वर्षानुवर्षे कोणी हात लावत नाही. दोन्ही अतिक्रमणेच ना? हातगाडीवर निदान एका कुटुंबाचे पोट चालते.

महापालिकेने हे डबे, साखळ्या आणि पाट्या उचलाव्यात आणि खर्च संबंधित सोसायटीकडून वसूल करावा. वाहतूक शाखेनेही आपल्या प्रत्येक अधिकृत फलकावर अधिसूचनेचा क्रमांक व तारीख लिहावी, म्हणजे घरगुती पाटी कोणती आणि सरकारी कोणती हे नवख्या माणसालाही कळेल.

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे