शेड्यूल एच-१ ची वही तपासा

महोदय,

पावसाळ्यात ठाण्यात सर्दी-तापासाठी अॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या (अँटिबायोटिकच्या) गोळ्या सर्रास चिठ्ठीविना मागितल्या जातात. सर्दी विषाणूंची, गोळी मारते आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंना! जनुकबदलामुळे तग धरणारे मोजके उरतात आणि मोकळी जागा बळकावतात. अनुकूल स्थितीत ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो. शिवाय प्रतिकाराची जनुके प्लाझ्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यांमार्फत दुसऱ्या जातीच्या जिवाणूंकडेही जातात. ‘शरीराला औषधाची सवय झाली’ हे म्हणूनच चूक. बदलतात ते जिवाणू.

सेफिक्झिमसारखी प्रतिजैविके १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद सक्तीची असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. विक्रेत्याने डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण वेगळ्या वहीत नोंदवून ती ३ वर्षे जपायची असते. अन्न व औषध प्रशासनाने या वह्या खरेदीच्या बिलांशी ताडून पाहाव्यात.

– सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षक, ठाणे (प.)