पाणी ओतून थांबलेल्या आजोबांना

आजोबा,

तुम्हाला मराठी येत नाही, आम्हाला सर्बियन येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी या ओपलच्या खाणींच्या गावात, खाणीतून उपसलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर, दोन्हीकडच्या मोडक्या इंग्रजीवर भागलं. तरी हे पत्र मराठीत लिहितोय. शुक्राचा खडा म्हणून ओपल बोटात घालणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि ॲडलेडहून साडेआठशे किलोमीटर गाडी हाकून तो स्वतः वेचायला जाणारे आमच्यासारखेही. तुम्ही जे दिलंत ते त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

तुमचं पहिलं वाक्य ओपलविषयी नव्हतंच. "मागे सरकू नका," एवढंच म्हणालात. तिथल्या खाणीच्या विहिरी जेमतेम मीटरभर रुंद आणि वीस-तीस मीटर खोल, काठाला कठडा नाही. माणूस फोटोसाठी दोन पावलं मागे जातो आणि संपतो. पाऊस पडून गेल्यावर तर काठची माती भुसभुशीत झालेली असते. ज्याने पैसे घेऊन आम्हाला तिथे नेलं होतं, तो "वाटेल तिथं खणा" म्हणून निघून गेला होता. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकलेली जागा कुणाच्या तरी हक्काची असते, तिथल्या ढिगाऱ्यालाही मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे त्याने सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत, आणि गावातल्या ज्वेलर्स शॉप रोडवरच्या सर्वांसाठी खुल्या जागेत घेऊन गेलात.

तिथे आम्ही चकाकेल ते उचलत होतो. तुम्ही त्यातला एक तुकडा घेऊन नखाने ओरखडलात. ओरखडा उठला. जिप्सम. त्या मातीत ते जागोजागी असतं आणि उन्हात नवख्याला हमखास फसवतं. ओपलवर नख चालत नाही. मग उभ्याने फिरणं बंद करायला लावलंत. एका जागी बसायचं, एकेक ओंजळ माती चाळायची, राहिलेले खडे बोटांनी उलटून बघायचे. धुळीने माखलेला ओपल सगळ्या बाजूंनी मातीसारखाच दिसतो. कडेला काचेसारखी गुळगुळीत, शिंपल्यासारखी वळणदार तुटलेली जागा दिसली तरच तो बाजूला ठेवायचा.

आणि मग ते पाणी. मूठभर खडे जमल्यावर तुम्ही तुमची प्यायची बाटली उघडलीत आणि अर्धी त्यांच्यावर ओतलीत. त्या गावात पाणी दूरच्या बोअरमधून येतं आणि क्षार काढल्यावरच पिता येतं. त्या उन्हात पिण्याचं पाणी दगडांवर ओतणं म्हणजे काय, हे आम्हाला कळत होतं. बहुतेक खडे नुसते दुधाळ निघाले, म्हणजे पॉच. ओपल ज्या सिलिकाचा बनतो ती तीच, पण तिच्या सूक्ष्म गोळ्यांची नीट रांग लागलेली नाही, म्हणून रंग नाही. दोन तुकड्यांत मात्र हिरवा आणि नारिंगी लखलखला. आम्ही ते खिशात टाकणार, तेवढ्यात तुम्ही हात धरलात. टोपीखालच्या सावलीत फडक्यावर ते मांडलेत आणि आमच्याबरोबर जमिनीवर बसून राहिलात, पूर्ण सुकेपर्यंत. काही बोलला नाहीत. सुकल्यावर एकावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उमटलं. "रंग ओला बघायचा, भेग कोरडी बघायची." भेगेत पाणी शिरलं की ती दिसेनाशी होते, म्हणून.

आदल्याच दिवशी एका दुकानात पाण्याने भरलेल्या काचेच्या कुपीतले चार खडे आम्ही चांगले पैसे मोजून घेतले होते. बाहेर काढून बघू का, असं विचारल्यावर दुकानदाराने हसून कुपीचं बूच घट्ट केलं होतं. संध्याकाळी सुकवल्यावर चारांपैकी तीन भेगाळलेले निघाले. त्याचा राग अजून गेलेला नाही. तुमची ती पंधरा मिनिटं आठवली की जास्तच येतो. थांबण्यात तुमचा एका पैचा फायदा नव्हता.

बाकीचं तुम्ही जाताजाता सांगितलंत, पण एकेक गोष्ट उपयोगी पडते आहे. रात्री अतिनील टॉर्चने शोधलं तर ओपल चमकतो, पण पॉचही चमकतो आणि विंचूही, म्हणून हात घालण्याआधी नीट बघायचं. अंगठीतला खडा कडेने बघायचा. रंगाच्या पातळ थराखाली काळी पट्टी आणि वर पारदर्शक टोपी अशी सरळ रेष दिसली तर तो तीन थर चिकटवलेला आहे. तो पाण्यात भिजत ठेवला तर डिंक दुधाळ होतो. घासताना चाकावर पाणी सतत हवं. एक तर उष्णतेने खडा तडकतो, आणि कोरडी सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते. आधी रंगाची पट्टी कुठल्या बाजूने जाते ते बघायचं, तिला समांतर माथा काढायचा आणि पाठीचा पॉच आधारासाठी राहू द्यायचा. घासायला आधी सहाशे, मग बाराशे, मग तीन हजार नंबरचं, म्हणजे अधिकाधिक बारीक कणांचं चाक, शेवटी चामड्यावर सिरियम ऑक्साइडची पॉलिशची पूड. अधली पायरी गाळली तर ओरखडे पॉलिशखाली तसेच राहतात, आणि मागे जाऊन ते काढताना रंगाचा थरच उडतो.

दुसरा तुकडा, न भेगाळलेला, अजून घासलेला नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे उन्हापासून लांब, कागदात गुंडाळून सुकत ठेवला आहे. सहा महिने झाल्यावर दहापट भिंगाखाली बघू. तो तडकला असला तरी तसं कळवू.

तुमची रिकामी बाटली चुकून आमच्या गाडीत आली आहे. पुढच्या हिवाळ्यात भरून आणतो.